उकंडाची दर्शनी भिंत

उकंडा गवंडी आहे. आमच्या गट ग्रामपंचायतीत एक गाव आणि दोन तांडे येतात, आणि या तिन्ही वस्त्यांत सरकारी मदतीची जी घरकुलं उभी राहिली, त्यांतली निम्मी तरी त्याच्या हातची. कुणाच्या घराला किती पोती सिमेंट लागलं, कुणी वाळूत माती मिसळली, कुणी छताचा हप्ता आल्यावर आधी पोरीचं लग्न उरकलं, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतः मात्र तो कुडाच्या घरात राहायचा. कुड पऱ्हाट्यांचा. कापूस निघून गेला की शेतात ज्या काड्या उरतात त्या उभ्या विणायच्या, वरून शेणमातीचा लेप द्यायचा, झाली भिंत.

लोक चिडवायचे, "काहो उकंडा, सगळ्यायचे घरकुलं बांधता, तुमचं कवा?"

"सोनाराच्या बायकोचे कान पाह्यले का कवा?" तो म्हणायचा. "रिकामेच असते."

लोक हसायचे. मला हसू येत नसे. त्याचं नाव घरकुलाच्या यादीत का नाही, हे त्याच्या खालोखाल मला माहीत होतं. ते मीच लिहिलेलं होतं.

मी तांड्यावरच्या अंगणवाडीची सेविका. राहते गावात, रोज नाला ओलांडून तांड्यावर जाते. अंगणवाडीच्या बाईला पोरं सांभाळून उरलेल्या वेळात सरकार सांगेल ते मोजावं लागतं. गरोदर बाया, संडास, म्हशी, कोंबड्या. २०१२ च्या उन्हाळ्यात घरोघरच्या परिस्थितीचं मोठं सर्वेक्षण निघालं. घर कच्चं का पक्कं, खोल्या किती, मोटारसायकल आहे का, फ्रिज आहे का. मशीनवर नोंद करणारा माणूस पुसदहून यायचा. त्या दिवशी त्याच्या मशीनची बॅटरी बसली, म्हणून तो गावातच थांबला आणि मी वही घेऊन एकटीच तांड्यावर गेले.

उकंडाच्या अंगणात बाजा टाकलेल्या, त्यांवर नव्या चादरी. त्याच्या एकुलत्या एका पोरीला, उर्वशीला, पाहायला पाहुणे आलेले. पलीकडच्या तांड्यावरचे देवसिंग, त्यांचा मुलगा राजदीप, चार-दोन म्हातारे, आणि आमच्या तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. मी पाहुण्यांकडे नंतर पाहिलं, आधी घराकडे पाहिलं. समोरची भिंत सिमेंटची झाली होती! मातीवर कोंबड्यांची जाळी ठोकून वर गिलावा, गिलाव्यावर दोरी धरून ओढलेल्या विटांच्या रेषा, रेषांत गेरू. चौकटीच्या माथ्यावर थापीच्या टोकानं काढलेलं कमळ. लोकांच्या घरकुलांवरून उरलेलं घमेलं-घमेलं सिमेंट आणून त्यानं हे केलं होतं, आणि इतकं सुबक की क्षणभर मलाही वाटलं, आत दोन खोल्या असतीलच.

आमच्याकडे सोयरिकीचा पाहुणा अंगणात बसतो, अंगणातच जेवतो, तिथूनच निघतो. होणाऱ्या व्याह्यानं आत डोकावणं बरं दिसत नाही. उकंडानं भरवसा ठेवला होता तो याच रीतीवर.

मी परत फिरणार, तर देवसिंगच म्हणाले, "या या, शीलाताई. सरकारचं काम थांबवू नका आमच्यापायी. विचारा तुमचं."

मग विचारावं लागलं.

"घर कच्चं का पक्कं?"

उकंडानं भिंतीकडे हात केला. "दिसतेच ना, ताई."

"खोल्या?"

"दोन. मागची आताच काढली."

मागे लालीबाईची चूल होती आणि शेळी बांधायची जागा.

"मोटारसायकल?"

निंबाखाली एक उभी होती, ती नायकाची. नायक आपल्या पायाचा अंगठा पाहू लागला. "हाये," उकंडा म्हणाला.

इथे मी वही मिटायला हवी होती. पण सवयीनं पुढचा प्रश्न तोंडातून गेला. "फ्रिज?"

"हाये ना."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. देवसिंग खूश झाले. "मंग थंडं पाणी येऊ द्या की!"

लालीबाई, म्हणजे उकंडाची बायको, पदर पुढे ओढून तांब्या घेऊन आली. माठातलं पाणी. देवसिंग घटाघटा प्याले, मिशी पुसली आणि म्हणाले, "वा! फ्रिजच्या पाण्याची गोडीच अलग."

तासाभरात गूळ वाटला. तांड्यात नायकासमोर गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मग ती कुणाच्या बापाला मोडता येत नाही. मलाही खडा मिळाला. संध्याकाळी मशीनवाल्याला वहीतलं वाचून दाखवताना ते चार रकाने मला खोडता आले असते. पण सूचना होती की कुटुंबप्रमुख सांगेल तसं लिहा, आणि मी सूचनेमागे लपले. खरं सांगायचं तर तोंडात अजून गूळ होता.

पुढे ती माहिती हरकतींसाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. मी उकंडाला गाठलं. म्हटलं, "अर्ज करा. उद्या घरकुल निघालं तर अडकून पडाल."

"ताई, दोन्ही तांड्याची यादी एकाच भिंतीवर लागली हाये," तो म्हणाला. "अन् देवसिंगले वाचता येते."

लग्न पंधरा दिवसांवर होतं. हरकत राहून गेली.

लग्नानंतर उकंडा एकेक वस्तू मारू लागला. आधी मोटारसायकल विकली. मग फ्रिज जळाला, तारेवर वीज पडून. मग मागची खोली पावसात बसली. दर वेळी देवसिंग अंगणात बाजेवर बसून हळहळायचे. फ्रिजच्या वेळी तर जेवले नाहीत. उकंडानं नसलेल्या वस्तूंची मरणं अशी रीतसर उरकली. सरकारच्या कागदावर मात्र त्या सगळ्या ठणठणीत जिवंत राहिल्या, आणि चार वर्षांनी त्याच माहितीवरून घरकुलाची नवी यादी निघाली तेव्हा त्यात उकंडा नव्हता. तो त्या यादीतल्या लोकांची घरं बांधायला गेला.

मग २०१७ चं साल आलं, बोंडअळीचं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. जिथं पाच-सहा वेचण्या व्हायच्या तिथं दोनमध्ये शेत संपलं. लालीबाईच्या वेचणीच्या मजुरीचे महिने गेले. लोकांनी बांधकामं अर्धवट टाकली, तसं उकंडाचं कामही गेलं. त्याआधीच, सप्टेंबरच्या झडीत, त्याच्या घराची मागची बाजू खरोखरच बसायला लागली होती. त्यानं दोन बांबूंचा टेका दिला, ओळंबा लावून पाहिलं आणि मला म्हणाला, "ताई, मी गवंडी हाये. दुसऱ्याचं घर असतं तं सांगतलं असतं, हे आणखी एक पावसाळा काढत नाई."

जानेवारीत कळलं की सुटलेली नावं ग्रामसभेच्या ठरावानं वर पाठवता येतील. आम्ही दोघं ग्रामसेवक वामनरावांकडे गेलो. भला माणूस, चार गावांचा कारभार त्याच्या एका पिशवीत.

"नाव टाकता येते," त्यांनी कागद पाहिला. "पण तुमच्यापुढं पक्क्या दोन खोल्या, फ्रिज, गाडी दिसून राह्यली. गेलं कुठं हे सगळं?"

उकंडा सवयीनं सुरू झाला. "खोली पावसात बसली, फ्रिज वीज पडून—"

"बसली तं तलाठ्याचा त्या सालचा पंचनामा दाखवा."

तो कुठून असणार?

"मंग एकच रस्ता. सर्व्हेतली नोंद चुकली असा ठराव घ्या. सव्वीस जानेवारीले, सगळ्यायसमोर. अनुमोदनाले माणूस अन् वर हात."

"चूक कुणाची लिहायची?" मी विचारलं.

"लिहिणाऱ्याची नाई तं सांगणाऱ्याची. तिसरा कोण असते तिथं?"

वाटेत नाल्यापाशी मी उकंडाला म्हटलं, "माझी लिहू. घर ओळखण्यात गफलत झाली म्हणते."

त्यानं विचारलं, "तुमाले काई होईन का?"

"नोटीस येईल. नोटिसांची मला सवय आहे."

सवय नव्हती. मानधनावरचं काम, एका कागदानं येतं आणि एका कागदानं जातं. पण तो नाही म्हणाला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. पोरगी त्याची पलीकडच्या तांड्यावर नांदत होती.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. बोंडअळीच्या पंचनाम्यांवरून दोन तास भांडण झालं, कारण ज्यांच्या शेतात अळी होती त्यांची नावं नव्हती आणि ज्यांच्याकडे शेतच नव्हतं त्यांची होती. पुढच्या रांगेत देवसिंग आपल्या तांड्याची तीसेक माणसं घेऊन बसलेले. बायकांत उर्वशी. लालीबाई आली नव्हती. ती म्हणाली होती, घराले टेका द्याले कोणीतरी पाह्यजे.

वामनरावांनी वाचलं, "उकंडा यांचा अर्ज. पक्कं घर, खोल्या दोन, फ्रिज, दुचाकी, ही नोंद चुकून झाल्याचं म्हणणं आहे."

मी उभी राहिले. "ती नोंद मी घेतली होती. घर ओळखण्यात माझी गफलत—"

"ताई, चाळीस पोरायचं वजन ग्रामात लिहिता अन् अख्खं घर चुकलं?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"हासू नका!" देवसिंग उठले. "ताईचं काई चुकलं नाई. मी होतो ना तिथं. म्या माह्या कानानं आयकलं, अन् ताईनं बराबर लिहिलं. फ्रिजचं पाणी पेलो म्या. माह्या इवायाजवळ सगळं होतं. नशिबानं गेलं. आता गरिबीत त्याची बेइज्जती कायले करता?"

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. इतक्या प्रेमानं कुणी कुणाच्या इवायाची बाजू घेतलेली मी पाहिली नाही. आणि एवढ्या प्रेमानं कुणी कुणाचं घर बुडवलेलंही नाही.

वामनरावांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हंजे साक्षीदार म्हणते, नोंद बराबर होती. मंग अर्ज बाद."

"थांबा, साहेब," उकंडा म्हणाला.

तो उठला. हातात टोपी, तीच चुरगाळत होता. "इवाई, नव्हता."

"काय नव्हता?"

"फ्रिज."

देवसिंग पाहतच राहिले. "अन् गाडी?"

"नायकाची."

"मागची खोली?"

"तिथं शेळी बांधतो."

"मंग मी पेलो थे पाणी?"

"माठातलं. ताईची काई चूक नाई. म्या सांगतलं तसं तिनं लिहिलं. पोरगी द्याची होती मले. तुमचं घर चांगलं होतं, पोरगा चांगला होता. मातीचं घर पाहून तुमी उठून गेले असते तं?"

बायकांकडून एक हुंदका आला. उर्वशीनं पदरात तोंड घातलं होतं.

"पाच वर्षं हळहळलो मी तुह्या फ्रिजसाठी, उकंडा," देवसिंग म्हणाले. इवाई नाही म्हणाले, उकंडा. "भावकीत सांगत फिरलो का माह्या इवायावर काय वेळ आली." कुणीतरी फिसकन हसलं. देवसिंगांनी मान वळवली तसं ते जागीच थांबलं.

वामनराव घाईत होते. "बरं, नोंद चुकली हे आता खुद्द अर्जदारच सांगून राह्यला. अनुमोदन कोण देते?"

कुणीच हात वर केला नाही. देवसिंगांचा तांडा देवसिंगांकडे पाहत होता. आमचा तांडाही त्यांच्याकडेच पाहत होता, कारण अपमान त्यांचा झाला होता आणि पोरगी त्यांच्या दारात होती. उकंडाचं घर त्या एका हातावर आलं.

"सांगण्यावर मी एक डाव फसलो," देवसिंग म्हणाले. "आता पाहीन, मंग बोलीन."

अख्खी सभा तांड्याकडे निघाली. उर्वशी माझ्याबरोबर चालत होती. डोळे पुसत म्हणाली, "ताई, सासरे माह्या माहेरी निघाले का माही नजर वाटेवरच राहे. वाटे, आज थे आत जातीन अन् उद्या मले माहेरी पाठवतीन. पाच वर्षं." मग नाक ओढून म्हणाली, "लिहून घेतलं तुमी, अन् सांभाळलं मी."



भिंत अजून देखणी होती. गेरू विटला होता, पण रेषा तशाच सरळ. वामनरावांनी मोबाइल काढला, समोरून फोटो घेतला आणि डोकं खाजवलं. "उकंडा, हे तं माह्या क्वार्टरपेक्षा पक्कं दिसते. वर कोण मानीन का?"

उकंडा आत गेला आणि हातोडा घेऊन आला. "फोडतो. आतली माती दिसू द्या."

त्यानं हातोडा उचलला. डावा हात भिंतीवर ठेवलेला, जसा गवंडी गिलावा ओला आहे का पाहायला ठेवतो तसा. हातोडा वर गेला आणि वरच राहिला. आयुष्यात त्यानं स्वतःसाठी बांधलेली तेवढी एक भिंत होती.

"फोडू नका," दारातून लालीबाई म्हणाली. "तेवढीच तं उभी हाये. छप्पर तिच्यावरच टेकलं." मग पदर पुढे ओढून तिनं देवसिंगांकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. "इवाई, समोरून काय पाहता? आत या."

देवसिंगांनी नायकाकडे पाहिलं. नायक पुन्हा आपल्या पायाचा अंगठा पाहू लागला. मग त्यांनी जोडे काढले, वाकले आणि आत गेले. मागोमाग वामनराव आणि मी.

आत पऱ्हाट्यांमधून ऊन येत होतं, जमिनीवर काड्याकाड्यांची सावली पडलेली. वर खताची रिकामी पोती शिवून लावलेली. मागची बाजू दोन बांबूंवर अडवलेली, बाहेर पोट काढून. भांडी मात्र घासून ओळीनं मांडलेली. देवसिंगांनी मागच्या भिंतीला हात लावला, तर ओंजळभर माती हातात आली. ती कुठं टाकावी त्यांना कळेना. टाकली असती तर दुसऱ्याच्या घरात कचरा केल्यासारखं झालं असतं. ती तशीच धरून ते उभे राहिले.

"पावसात झोपता कुठं?" त्यांनी विचारलं.

"झोपत नाई," लालीबाई म्हणाली. "समोरच्या भिंतीले पाठ लावून बसतो. रात्र निघते."

देवसिंग वामनरावांकडे वळून म्हणाले, "फोटो आतून काढा ना. समोरून काढून काय कोणाची सोयरीक जमवाची हाये?"

बाहेर येऊन त्यांनी हात वर केला, मातीचाच. "अनुमोदन माहं लिहा." मग त्यांच्या तांड्याचे हात वर गेले, आमच्या तांड्याचे गेले, गावातल्यांचेही गेले. देवसिंग जोडे घालता घालता उकंडाला म्हणाले, "बह्याड माणसा, सांगाचंच होतं तं कूलर सांगाचा. फ्रिज म्हटल्यावर माणूस पाणी मागते का नाई?"

हसावं की नाही, कुणालाच कळेना. आधी उर्वशीच हसली, मग सगळे. उकंडा हसला नाही. तो खाली बसला आणि टोपीनं डोळे पुसू लागला.

आतल्या फोटोत लाभार्थी उभा लागतो. घरकुल बाईच्या नावानं घालायचं ठरलं, म्हणून लालीबाई बांबूशेजारी उभी राहिली. चेहरा दिसला पाहिजे म्हणून पदर मागे केला. "हासू का?" तिनं विचारलं.

"नका हासू, बाई," वामनराव म्हणाले. "साहेबलोक म्हणतीन, सुखात हाये."

मला मार्चमध्ये नोटीस आली. चुकीची नोंद का घेतली, सात दिवसांत खुलासा करा. मी तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं: कुटुंबप्रमुखाने सांगितले तसे लिहिले, त्या वेळी घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम चालू होता, यापुढे अशा घरी दुसऱ्या दिवशी जाईन. त्यावर आजवर उत्तर नाही. मानधन येतं आहे, त्यावरून खुलासा पटला असावा असं मी धरून चालते.

मंजुरी काही त्या पावसाळ्याआधी आली नाही. मिरग लागायच्या आठवड्यात देवसिंग बैलगाडी घेऊन आले आणि म्हणाले, "चार महिने आमच्याकडं चाला." पोरीच्या सासरी राहायचं म्हणजे उकंडाला मरणच. त्यानं साफ नाही म्हटलं. लालीबाईनं शेळी गाडीला बांधली, भांडी पोत्यात भरली आणि म्हणाली, "तुमी बसा पाठ लावून. मी चालली." तिसऱ्या दिवशीच्या पावसात उकंडाही थापी-ओळंबा पिशवीत घालून नाल्यापलीकडे गेला. असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी लालीबाईच्या नावानं मंजुरीचा कागद आला, आणि उकंडानं पाया खणायला घेतला तेव्हा दोरीचं दुसरं टोक देवसिंगांनी धरलं होतं. लोक काय म्हणतील, असं उकंडाला फार वाटत होतं. पण लोकांना तेव्हा कापसाच्या भावापुढे दुसरं काही म्हणायला फुरसत नव्हती.